जन्मतः लहान मूल आणि ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं : पुढे वीस-तीस वर्षांनी काय?

सावली_

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक पाच वर्षांची झाली. अडतिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा वजन २ किलो, लांबी ४४ सेंमी. "दोन वर्षांत भरून काढेल" असं सगळे म्हणाले. नाही काढलं. आज उंची ९६ सेंमी, वजन साडेबारा किलो. आजारी अजिबात नाही, दिवसभर नुसत्या उड्या. हार्मोनच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. तिच्या शरीरात ग्रोथ हार्मोन पुरेसं तयार होतंय, तरीही ते बाहेरून द्यावं असं त्यांचं मत पडलं. रोज रात्री एक इंजेक्शन, वाढ थांबेपर्यंत. म्हणजे आठ-दहा वर्षं धरून चालायचं.

उंची वाढते हे मला पटलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. ही पोरगी पस्तीस-चाळीसची होईल तेव्हा या औषधाचं काय देणं फेडावं लागेल? नेटवर एका फ्रेंच अभ्यासाबद्दल वाचलं की लहानपणी हे घेतलेल्यांत मृत्यू ३३ टक्क्यांनी जास्त. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टरांना विचारलं तर "ते जुनं झालं हो, काळजी करू नका." काळजी करू नका म्हटल्यावर कोणाची काळजी थांबली आहे?

या वाटेने कोणी गेलंय का?

दीडफूट

मी गेलोय. सातव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. आता २९. सविस्तर रात्री लिहितो, तोवर एवढंच की जिवंत आहे. :)

टिपकागद

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण हार्मोनवाला नव्हे. तेव्हा माझं म्हणणं त्या बेताने घ्या. मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे द्या की देऊ नका हे मी सांगणार नाही.

गर्भाच्या वयाच्या मानाने वजन किंवा लांबी सरासरीपेक्षा दोन एसडीहून (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीपासून किती दूर ते मोजायचं माप) जास्त खाली असेल तर त्या बाळाला आम्ही एसजीए म्हणतो. अशा दहांतली नऊ बाळं दोन वर्षांच्या आत बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांना थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, चार वर्षांपर्यंतही. उरलेलं दहावं मूल बहुधा मागेच राहतं. अशा मुलांसाठी या औषधाला अमेरिकेत २००१ मध्ये आणि युरोपात २००३ मध्ये परवानगी मिळाली. युरोपची अट कडक आहे: वय किमान चार, उंची -२.५ एसडीच्या खाली, आणि आईवडिलांच्या उंचीचा हिशेब धरूनही मूल एक एसडीपेक्षा जास्त मागे. पाच वर्षांच्या मुलीची सरासरी १०९ सेंमीच्या आसपास असते. ९६ म्हणजे -२.८ धरा. तुमच्या डॉक्टरांनी उगाच सुचवलेलं नाही.

पण एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात आली आहे ती फार कमी पालकांच्या ध्यानात येते. तिच्याकडे हार्मोन पुरेसं आहे. ज्याच्याकडे कमी आहे त्याला देणं म्हणजे खड्डा भरणं. तुमच्या मुलीच्या बाबतीत भरलेल्या हंड्यावर आणखी ओतायचं आहे. म्हणून कमतरतेच्या मुलांमधला सुरक्षिततेचा पुरावा तिला जसाच्या तसा लावता येत नाही. एसजीए मुलांचा वेगळा काढून बघावा लागतो.

डोस युरोपात किलोमागे दिवसाला ०.०३५ मिलिग्रॅम, अमेरिकेत आठवड्याला ०.४८ पर्यंत.

मुक्तछंद

०.०३५ आणि ०.४८? चौदा पट फरक? आणि दोन्हीकडे कायदेशीर?

टिपकागद

एक दिवसाचा, एक आठवड्याचा. ०.४८ भागिले ७ करा, ०.०६९ येतात. म्हणजे दुप्पट. चौदा पट नाही, पण दुप्पट हाही लहान फरक नव्हे.

अजून एक घोळ इथेच होतो, तोही सांगून टाकतो. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. साडेबारा किलोला ०.०३५ ने रोजचे ०.४४ मिग्रॅ होतात, म्हणजे १.३ युनिट. इंजेक्शनच्या पेनच्या खिडकीत दिसणारा आकडा मिग्रॅचा की युनिटचा, हे पहिल्याच दिवशी नर्सकडून खात्री करून घ्या. लाजू नका.

खवचट_काका

मूल हसतंय, खेळतंय, उड्या मारतंय. बुटकं असणं हा रोग कधीपासून झाला? तीन हजार सुया टोचायच्या आणि मिळवायचं काय, तर चार बोटं उंची.

दीडफूट

काका, चार बोटं बरोबर आहे. चाचण्यांचा एकत्रित हिशेब बघितला तर न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी ०.९ एसडी, म्हणजे साधारण सहा सेंमी. पण पाचवीतल्या मुलाला दुसरीतला समजून लोक गालगुच्चा घेतात तेव्हा ती चार बोटं कशी दिसतात हे उंच माणसाने सांगू नये. असो. रोग आहे असं मीही म्हणत नाही. धाग्याचा विषय तो नाही.

अर्धविराम

मी आकडेवारीत काम करतो, वैद्यक माझं नाही. फ्रेंच अभ्यासाची भीती तेवढी जवळून बघू.

१९८५ ते १९९६ दरम्यान उपचार सुरू झालेली ६९२८ मुलं. कारणं तीन: फक्त हार्मोनची कमतरता, कारण न सापडलेली कमी उंची, आणि जन्मतः लहान. सरासरी सतरा वर्षांच्या आसपास पाठपुरावा. निकाल २०१२ मध्ये छापून आला. मृत्यू झाले ९३, अपेक्षित होते ७०. ९३ भागिले ७० बरोबर १.३३. हाच तो ३३ टक्के. पावणेसात हजारांहून जास्त माणसं, सतरा वर्षं, आणि २३ मृत्यू जास्त. प्रत्येक मृत्यू कोणाचं तरी मूल आहे, हे विसरून मी लिहीत नाहीये. पण "३३ टक्के" वाचताना पोटात जो गोळा येतो तो "सात हजारांत २३" वाचताना त्याच आकाराचा राहतो का, बघा.

आता मुख्य मुद्दा. ७० "अपेक्षित" कोणी ठरवले? फ्रान्समधल्या त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या सर्वसामान्य माणसांवरून. म्हणजे तुलना अशी झाली: एका बाजूला लहान जन्मलेली किंवा न वाढणारी, औषध घेतलेली मुलं, दुसऱ्या बाजूला आख्खा देश. चष्मा लावणाऱ्यांची नजर न लावणाऱ्यांपेक्षा अधू असते. त्यावरून चष्म्याने डोळे बिघडतात असं ठरवायचं का? जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं. त्यांनी ज्यांच्या जन्मनोंदी तपासल्या ती माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, ग्रोथ हार्मोनचं नावही न ऐकलेली.

म्हणून कुठलाही आकडा दिसला की आधी विचारा: कोणाच्या तुलनेत?

सावली_

अर्धविराम, हे असं कोणीच सांगितलं नव्हतं. पण मग डॉक्टर म्हणतात तसं "जुनं झालं" म्हणून सोडून द्यायचं?

अर्धविराम

नाही, तेही नाही. त्याच फ्रेंच आकड्यांत दोन गोष्टी खुपतात. एक, दिवसाला किलोमागे ०.०५ मिग्रॅच्या वर डोस असलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. दोन, जास्तीचे मृत्यू सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते, मेंदूतला रक्तस्राव आणि हाडांच्या गाठी यांत ते गोळा झाले होते. एकूण कर्करोगाचे मृत्यू मात्र वाढले नव्हते.

त्याच वर्षी बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वीडनचे आकडे आले. २५४३ जण, मृत्यू २१. त्यांतले १२ अपघाताने, ४ आत्महत्या. कर्करोगाने एकही नाही, हृदयविकाराने एकही नाही. अमेरिका आणि युरोप, दोन्हीकडच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच सगळं तपासून औषध चालू ठेवलं होतं.

मग आठ देशांचा डेटा एकत्र झाला, २४,००० हून जास्त माणसं. सेघे नावाचा प्रकल्प. त्याचा मृत्यूंवरचा निबंध २०२० मध्ये आला. फक्त कमतरता किंवा कारण नसलेली कमी उंची, या मुलांत मृत्यू अपेक्षेच्या १.१ पट, म्हणजे धरण्याजोगी वाढ नाही. जन्मतः लहान मुलांत १.५ पट. ही वाढ मुख्यतः फ्रान्सच्याच गटातून आलेली. आणि डोसशी संबंध दिसला नाही, ना रोजच्या, ना एकूण. हृदय-रक्तवाहिन्यांचे आणि रक्ताचे आजार यांनी झालेले मृत्यू मात्र सगळ्याच गटांत वाढलेले होते.

सावली_

१.५ ही माझ्या मुलीची ओळ. चार वेळा वाचली.

रानजाई

सावली, ती ओळ मीही तीन वर्षांपूर्वी अशीच वाचली होती. आम्ही तरी सुरू केलं. आमचा अनुभव मात्र बंद करण्याचा आहे. वर्षभरात मुलगा जेमतेम पाच सेंमी वाढला, म्हणजे औषधाशिवाय वाढला असता तेवढाच. डॉक्टरांनीच थांबवलं. पहिल्या वर्षात वाढीचा वेग त्या वयाच्या सरासरीपेक्षा किमान एक एसडीने वर गेला नाही तर थांबवावं, असं युरोपच्या औषधपत्रकातच लिहिलेलं आहे म्हणे. मला त्या वेळी वाईट वाटलं. आता वाटतं, बरं झालं नियम होता. नाहीतर "अजून सहा महिने बघू" करत आम्ही पाच वर्षं काढली असती.

उंचीमित्र

[हा प्रतिसाद जाहिरात असल्याने काढून टाकला आहे. – व्यवस्थापक]

मुक्तछंद

व्यवस्थापकांचे आभार, तीन महिन्यांत चार इंचवाले आलेच होते. :D

अवांतर: माझ्या वाचनात आलं होतं की हे हार्मोन मृतदेहातून काढतात आणि त्यातून मेंदूचा रोग होतो. खरं आहे का?

टिपकागद

होतं, आता नाही. १९५८ पासून ते मृतांच्या मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीतून काढत. त्यातून काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग झाला, तो कित्येक वर्षांनी उघडकीला आला आणि १९८५ मध्ये अमेरिकेत ते औषध बंद झालं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. आत्ताच्या पेनमध्ये मानवी ऊतींचा अंशही नाही. वरचा फ्रेंच अभ्यास १९८५ पासून सुरू होतो तो त्यामुळेच.

पण त्या प्रकरणाने एक सवय लावली ती चांगली. या औषधाचा हिशेब दोन वर्षांत बंद करायचा नसतो, हे सगळ्यांना कळलं.

अर्धविराम

१.५ कडे परत येतो, कारण सावलीताई तिथेच अडकल्या असणार.

स्वीडनमध्ये २०१६ साली एका गटाने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला. अपेक्षित मृत्यू मोजतानाच जन्माचं वजन, लांबी, किती आठवड्यांचं बाळ होतं, हे सगळं हिशेबात घेतलं. तसं केल्यावर औषध घेतलेल्यांतली जादा वाढ उरली नाही. चष्म्याचीच गोष्ट.

इथे थांबलो तर तुम्हाला झोप लागेल, पण ते बेइमानी होईल. २०२१ मध्ये स्वीडनमधूनच दुसरा निबंध आला. औषध घेतलेले ३४०८ आणि सर्वसामान्य लोकसंख्येतून वय, लिंग जुळवून घेतलेले ५०,०३६. हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचं प्रमाण औषधवाल्यांत १.६९ पट. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त फरक. जन्मतः लहान गटात जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्ष आजारी पडलेले दोन्हीकडे थोडेच, कारण सगळे तरुण. पण हृदयाचा हिशेब पन्नाशीनंतर लागतो आणि या औषधावर वाढलेली पहिली पिढी आत्ता कुठे चाळिशी-पन्नाशीला टेकते आहे.

म्हणून माझं मत, एका आकडेमोड्याचं: कर्करोगाची भीती मी बरीच खाली ठेवेन. २०१७ मध्ये त्या सेघे प्रकल्पाचाच कर्करोगाचा निबंध आला, त्यात आधी कर्करोग न झालेल्यांत एकूण प्रमाण वाढलेलं नव्हतं. हृदयाची शंका मी उघडी ठेवेन. ती औषधाची की जन्माची, हे सोडवायला हवी तशीच मुलं, तेवढीच बुटकी, औषध न घेतलेली, आणि त्यांचा तीस वर्षांचा पाठपुरावा. इथे सगळं अडतं. ज्यांना औषध दिलं नाही त्यांची यादी कोण ठेवतो?

टिपकागद

थोडी ठेवली आहे, डच लोकांनी. औषध घेतलेली जन्मतः लहान मुलं आणि न घेतलेली जन्मतः लहान, बुटकीच राहिलेली माणसं, अशी तुलना त्यांनी केली. उपचार चालू असताना इन्सुलिनचा असर कमी होतो, हे खरं. औषध थांबवल्यावर तो परत येतो. पाच वर्षांनी दोन्ही गटांतला चयापचय सारखाच दिसला. मधुमेहाबाबत मला स्वतःला याने बराच धीर आला. तरी उपाशीपोटी साखर आणि इन्सुलिन आधी एकदा आणि मग दर वर्षी बघायचं असतं.

आणि त्याच डचांची आणखी एक गोष्ट, माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात कामाची. काही मुलांना ०.०३३ आणि काहींना त्याच्या दुप्पट, ०.०६७, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली आणि शेवटच्या उंचीपर्यंत थांबले. दोन गटांच्या अंतिम उंचीत लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही. दुप्पट डोसवाली सुरुवातीला जोरात पळाली, मुक्कामाला दोघं जवळजवळ एकत्रच पोचली. मग लहान मुलीला दुप्पट द्यायचंच कशाला? फार उशिरा सुरू झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी असेल. पाच वर्षांच्या मुलीला मी तरी खालच्या डोसचा आग्रह धरेन.

आयजीएफ-१ वर्षातून दोनदा तपासतात. ग्रोथ हार्मोनच्या हुकमाने यकृत ते सोडतं, आणि पेशी वाढवणं हेच त्याचं काम. कर्करोगाची शंका मुळात तिथून आली. (लॅरॉन नावाच्या आजारात आयजीएफ-१ जवळजवळ नसतंच. इक्वाडोरमधल्या अशा माणसांना कर्करोग जवळपास होत नाही, असं दिसलंय. उंची मात्र चार फुटांच्या आतबाहेर.) पातळी पुन्हा पुन्हा +२ एसडीच्या वर जात असेल तर डोस खाली आणायला सांगा.

सुरू करण्याआधी एक विचारा: मूल लहान का जन्मलं, हे शोधलंय का? ब्लूम सिंड्रोमसारख्या आजारात डीएनएची डागडुजीच नीट होत नाही, त्या मुलांना कर्करोगाचा धोका मुळातच प्रचंड, आणि तीही जन्मतः लहानच असतात. उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टा, हे त्यांचं एक लक्षण. तिथे हे औषध नको. फार दुर्मीळ आहे, पण विचारायला काही लागत नाही.

चालू असताना डोकेदुखी आणि उलट्या, दिसायला धूसर, किंवा लंगडणं, मांडी-गुडघा दुखणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. गुडघा दुखतो म्हणतात आणि दोष खुब्याच्या सांध्यात निघतो.

दीडफूट

रात्री म्हणता म्हणता तीन दिवस झाले, माफी.

आमच्याकडे फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पा माझ्या पेनचा होता. आई टोचायची, मी दहापर्यंत मोजायचो, सुई काढायची नाही तोवर. सोमवारी डावी मांडी, मंगळवारी उजवी. बाराव्या वर्षी मी स्वतः टोचायला लागलो आणि आळसाने उजव्याच मांडीवर, त्याच जागी. तिथली चरबी बसली, छोटा खळगा पडला. तो अजून आहे. जागा बदलत राहा हे पत्रकात लिहिलेलं असतं, मुलाच्या गळी उतरवायला हवं. एकदा आयजीएफ-१ वर गेलं, डोस कमी केला, खाली आलं. बाकी काही झालं नाही.

आज उंची १६३. घेतलं नसतं तर किती झालो असतो? अर्धविरामचा "कोणाच्या तुलनेत" इथेच येऊन बसतो. माझ्यासारखा दुसरा मी नाही.

पण तक्रार करायची तर एकाच गोष्टीची. सोळाव्या वर्षी "झालं, आता यायची गरज नाही" म्हणून फाईल मिटली. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवणं नाही, कागद नाही. मागच्या वर्षी जुनी नोंद मागायला गेलो तर ती सापडली नाही. किती डोस, कुठली कंपनी, किती वर्षं, सगळं आईच्या आठवणीवर. रक्तदाब मी आयुष्यात दोनदा मोजलाय. वरचे स्वीडनचे आकडे वाचून उद्या मोजणार आहे.

खवचट_काका

दीडफूट, गालगुच्च्याचं पटलं. शब्द मागे.

सावली_

(सात महिन्यांनी धागा वर काढते आहे.)

सुरू केलं. ०.०३५ ने. दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं, त्यांनी जनुकीय तपासणी करून घेतली, त्यात काही निघालं नाही. सहा महिन्यांत साडेचार सेंमी. आयजीएफ-१ +१.३. साखर ठीक.

दीडफूटचा प्रतिसाद वाचून एक जाड वही केली. प्रत्येक पेनचं वेष्टन कापून बॅच क्रमांकासकट चिकटवते, शेजारी डोस, वजन, तारीख. टोचून झालं की कुठली मांडी ते लेक स्वतः मांडते: डावीला चांदणी, उजवीला मासा. सलग दोन मासे आले की तीच ओरडते.

हृदयाचं उत्तर मिळालेलं नाही, ते मला कळलंय. नवऱ्याला मात्र अजून पुरतं पटलेलं नाही, आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

आता एक साधा प्रश्न. पुढच्या महिन्यात दोन दिवसांचा रेल्वे प्रवास आहे. पेन थंड कसं ठेवता?

रानजाई

थंड पिशवी घे, पण बर्फाची वडी पेनला टेकू देऊ नकोस, फडक्यात गुंडाळ. २ ते ८ अंश हवं, एकदा गोठलं की ते पेन बाद. काही ब्रँड बाहेर काही दिवस चालतात, तुझ्या पत्रकात बघ.

दीडफूट

१२६/८२. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत या. वही मीही केलीये.